यात हसण्यासारखं काय आहे?

टूरिस्ट लोक काय काय बावळट प्रश्न विचारतात त्याची यादी परत फिरायला लागलीये, सोसायटीच्या ग्रुपवर आली, शाळेच्या ग्रुपवर आली, आणि खाली सगळे हसून हसून लोळतायत. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही, आणि का आवडत नाही ते आज सविस्तर लिहितेय.

यादीत नेहमी पहिला असतो तो नायगाराचा, की हा धबधबा रात्री किती वाजता बंद करतात? आता ऐका. नायगाराचं पाणी रात्री खरंच कमी करतात. अमेरिका आणि कॅनडाचा १९५० चा करार आहे, त्याप्रमाणे टूरिस्ट सीझनमध्ये दिवसा धबधब्यावरून सेकंदाला कमीत कमी १ लाख घनफूट पाणी पडलंच पाहिजे, पण रात्री आणि हिवाळ्यात ५० हजार असलं तरी चालतं, उरलेलं वीज बनवायला वळवतात. आणि १९६९ मध्ये तर अमेरिकेच्या बाजूचा धबधबा वर बांध घालून काही महिने चक्क कोरडा ठेवला होता, कारण खाली कोसळलेल्या दगडांचा अभ्यास करायचा होता. म्हणजे ज्याने विचारलं तो खऱ्याच्या बराच जवळ होता, हसणाऱ्यांनी तेवढाही विचार केला नव्हता. तसंच ते डोंगराचं वजन किती असतं वालं. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराजवळ ओळंबा लावून तो डोंगराच्या ओढीने त्याच्याकडे किती झुकतो ते मोजलं होतं, आणि त्यावरून पुढे अख्ख्या पृथ्वीची घनता काढली. मोठमोठ्या लोकांनी जे काम म्हणून केलं ते एखाद्या बाईने फिरायला आल्यावर विचारलं तर ती बावळट?

मी नवी मुंबईत ऐरोलीला राहते, ठाणे खाडीच्या काठावर. थंडी सुरू झाली की आमच्याकडे गावाकडचे पाहुणे येतात आणि सगळ्यांना खाडीत बोटीने जाऊन फ्लेमिंगो बघायचे असतात, त्यामुळे हे प्रश्न मी समोर बसून ऐकलेत. माझी मावशी हिंगोलीकडची. तिने विचारलं, "अगं, एवढ्यांना रात्री कोंडतात कुठे?" बोटीतली दोन पोरं खी खी करायला लागली. पण मावशीचा जन्म गुराढोरांत गेलाय, तिच्याकडे जनावर म्हटलं की त्याला मालक असतो आणि दिवे लागायच्या आत ते घरी येतं, मग तिने दुसरं काय विचारायचं? आणि उत्तर किती भारी आहे बघा. फ्लेमिंगोंचा दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो, चिखल उघडा पडला की खायचं, पाणी चढलं की दुसरीकडे जायचं, मग दिवस असो की रात्र, ते रात्रीही उडतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री लँडिंगला येणाऱ्या विमानाला थवा धडकून ३० हून जास्त फ्लेमिंगो मेले ना, तेव्हा कितीतरी मुंबईकर विचारत होते की पक्षी रात्री कसे काय उडतात? तेव्हा नाही कोणी हसलं. मग मावशीला का?

नंतर तिने फिकट पक्ष्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे अजून पिकले नाहीत का?" परत खी खी. पण जवळजवळ बरोबर आहे ते! पिल्लं राखाडी-पांढरट असतात, गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून हळूहळू येतो, त्याला दोन-तीन वर्षं जातात.

आणि एक सोलापूरचे काका होते, त्यांनी विचारलं "इथे पाणी किती वाजता सोडतात?" कॅनॉलच्या पाळीवर शेती केलेला माणूस असंच विचारणार. आमचे बोटवाले दादा हसले नाहीत, म्हणून मला ते फार आवडतात. त्यांनी उलट काकांनाच विचारलं, आज तिथी कोणती? चतुर्थी. मग म्हणाले, तिथीची पाऊणपट करा, चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास पूर्ण भरती, खाडीत आत थोडं मागेपुढे. अष्टमीला सहा. पुढे उधाण आणि भांग पण समजावलं, पौर्णिमा-अमावस्येला पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या आसपास कमी. मी इतकी वर्षं खाडीच्या काठावर राहते, पण ही पाऊणपट काकांच्या प्रश्नामुळे कळली. एका मुलाने बोर्ड वाचून विचारलं "रामसर कुठल्या शाळेचे?" मोठी माणसं हसली, पण ठाणे खाडीला २०२२ मध्ये मिळालेला 'रामसर' हा महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा ज्या गावाच्या नावाने आहे ते इराणमध्ये आहे आणि पाणथळ जागांचा करार तिथे १९७१ मध्ये झाला, हे हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

मला भीती वेगळीच वाटते, न विचारणाऱ्यांची. खारघरचा पांडवकडा धबधबा घ्या. तिथे माणसं वाहून गेलीत म्हणून पावसाळ्यात जायला बंदी घालतात, तरी पोरं जातात, आणि वरती डोंगरात पाऊस चालू आहे का, पाणी एकदम वाढतं का, हे कुणाला विचारत नाहीत. आपल्यालाच कसं माहीत नाही असं दिसायला नको ना. ही लाज आपणच लावलीये, असल्या याद्या फिरवून फिरवून.

सगळेच प्रश्न गोड असतात असं माझं म्हणणं नाही. "दगड मारला तर सगळे एकदम उडतील का, रील मस्त येईल" असं विचारणारा मी स्वतः ऐकलाय. त्याला बोटीतून उतरवलं असतं तरी मला काही वाटलं नसतं. पण गंमत म्हणजे असले लोक यादीत कधीच नसतात, यादीत असते ती पहिल्यांदा समुद्र बघणारी बाई. आणि काही गाइड तर आता पाहुण्यांचे प्रश्न गुपचूप रेकॉर्ड करून रील टाकतात, ज्या माणसाने तिकीट काढून तुमच्या पोटापाण्याची सोय केली त्याचाच चेहरा सगळीकडे दाखवायचा, हे मला अत्यंत वाईट वाटतं, असली रील दिसली तर मी रिपोर्ट करते, तुम्हीही करा.

खाडी, फ्लेमिंगो, भरती याबद्दल कुणाला काहीही विचारायचं असेल तर खाली विचारा. मला येत असेल तर मी सांगेन, नाहीतर दादांना विचारून सांगेन. दुसऱ्याच्या प्रश्नावर हसणाऱ्या कमेंट मात्र डिलीट करणार आहे.