पाहुण्यांना ‘धेंडं’ कसं म्हणता?
लेखात संमेलनाच्या मान्यवरांना ‘बडी धेंडं’ म्हटलंय, ते खटकलं. धेंड नपुंसकलिंगी, सूर तुच्छतेचा. घोटाळ्याच्या बातमीत चपखल बसतं: ‘बडी धेंडं मोकाट, कारकून निलंबित’. सत्काराच्या बातमीत नको. तिथे ‘बडी असामी’ चालेल, पण माणूस पुरुष असला तरी क्रियापद स्त्रीलिंगीच: ‘असामी आली’. ‘असामी आले’ लिहिलं की गडबड. ‘बडं प्रस्थ’ म्हणताना वजन मान्य असतं, किंचित टोमणाही. ‘त्याचं प्रस्थ फार माजलंय’ म्हटलं की कौतुक संपलंच. आणि खाली कुणीतरी हिंदीच्या वळणाने ‘नामचीन गायक’ लिहिलंय. अहो, मराठीत नामचीन असतो तो गुंड! गायक नामवंत म्हणा, नावाजलेला म्हणा.