रविवारी साडेदहा, नाष्टा करून येणे

आंदोलन करायचं मनात आलं की आधी ग्रुप काढावा. विषय नंतर बघता येतो. ग्रुपचं नाव मात्र भारदस्त हवं आणि त्यात ‘कृती समिती’ हे शब्द हवेतच. पुढे कृती झाली नाही तरी निदान नावात राहते. शेवटी ‘बचाव’ लावायचं की ‘विरोधी’, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर. आमच्या गल्लीच्या ग्रुपात पहिल्याच रात्री सत्तावीस माणसं आली. सकाळी त्यातल्या चौघांनी सुप्रभात टाकलं, दोघं बाहेर पडले आणि एकाने बाहेर पडणाऱ्यांचा निषेध नोंदवला. आमची चळवळ सुरू झाली ती अशी.

विषय निवडताना एवढंच बघायचं की तो सुटता कामा नये. प्रश्न सुटला की समितीचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. आम्हाला या बाबतीत नशिबाने साथ दिली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री जेसीबी आला आणि सकाळी उठून बघतो तर गल्लीच्या तोंडाशी रस्त्याला आडवा चर. पुण्यात ३० एप्रिलनंतर पावसाळा संपेपर्यंत खोदाईला सहसा परवानगी मिळत नाही. त्यामुळे ज्याला जे खणायचं ते तो एप्रिलअखेर खणून घेतो, मुहूर्त संपत आले की कार्यालयं मिळत नाहीत तसं. पाण्याची लाइन म्हणावी तर पाणी वाढलं नाही, केबल म्हणावी तर दिसली नाही. वर माती लोटली आणि मंडळी गेली ती गेलीच. खात्याचं नाव मी इथे देत नाही, कारण ते कुठलं हे अजून त्या खात्यांमध्येच ठरलेलं नाही.

पहिल्या पावसात माती बसली आणि चराचा खड्डा झाला. शाळेची रिक्षा तिथे आली की आतली पोरं एका सुरात ‘हुऽऽप’ करायची. मग एक दिवस एक स्कूटरवाला दुधाच्या पिशव्यांसकट आडवा झाला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी त्याला उठवलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी येताना शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी आणून चरात खोवली. वर लाल चिंधी बांधली. या सगळ्या प्रकरणातली ही पहिली कृती. पण ती ठरावाविना झाल्यामुळे समितीच्या इतिवृत्तात नाही. तुम्हीही अशा गोष्टींची नोंद घेऊ नका, लोकांना वाईट सवयी लागतात.

आता जागा आणि वेळ. चर आपल्या गल्लीत असला तरी आंदोलन गल्लीत करू नये. तिथे लोकांना चर दिसतो, मग भाषणाकडे लक्ष राहत नाही. गुडलक चौक, बालगंधर्व, अलका टॉकीजचा चौक ही मान्यताप्राप्त ठिकाणं. तिथे सिग्नलला थांबलेला माणूस आपल्याकडे ऐंशी-नव्वद सेकंद बघतो, त्याला दुसरं काही करता येत नाही म्हणून. आमच्यातल्या काहींना गल्लीचाच कोपरा हवा होता. तडजोड म्हणून गल्लीजवळचा मोठा चौक ठरला, जिथून चर दिसत नाही पण त्याच्याकडे हात करता येतो. वेळ रविवारी सकाळी साडेदहा. त्याआधी नाष्टा असतो, नंतर जेवण. एक ते चार हा पर्याय पुण्यात सुचवणाऱ्याला समितीतून काढावं. रविवारी कार्यालयं बंद असतात, ऐकायला कुणी नसतं, असा आक्षेप कुणी घेईल. त्याला सांगावं की सोमवारी आपल्यालाही कामं असतात.

परवानगीचा अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर पोहोच घ्यावी आणि ती लॅमिनेट करून ठेवावी. शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची सोयही त्याच कलमात आहे. ही सोय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ मध्ये सापडते. जमावबंदीचा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर चालत नाही, म्हणून तो पुन्हा नव्याने काढतात. अशा आदेशात बहुधा पाच किंवा त्याहून जास्त माणसांना मनाई असते. याची धास्ती घेऊ नये. साडेदहाला आपण चौघंच असतो. आमच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना मात्र शेवटपर्यंत ‘एकशेचव्वेचाळीस’ लागेल अशी आशा होती. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाचा नंबर बदलून १६३ झाला, असं कुणीतरी सांगितल्यावर ते हिरमुसले. म्हणाले, “एकशेत्रेसष्टमध्ये काही दम नाही.”

लाउडस्पीकरलाही लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. कुठल्याही चौकात उभं राहा, ५५ ची मर्यादा पीएमपीच्या बसने आपण तोंड उघडायच्या आधीच पार केलेली असते. त्यामुळे आपण भाषण केलं काय आणि मनात म्हटलं काय, सारखंच.

फ्लेक्सवर खर्च करायला कचरू नये. फ्लेक्सवर प्रश्नाला जागा उरली तर ठेवावी, पण आधी पदाधिकाऱ्यांचे फोटो. आमच्या फ्लेक्सवर अकरा चेहरे होते. बाराव्याने वर्गणी उशिरा दिली, म्हणून त्याचा चेहरा काकांच्या खांद्यामागे अर्धाच आला. चर खाली उजव्या कोपऱ्यात, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा. हा फ्लेक्स आम्ही फुटपाथवर उभा केला आणि त्याला वळसा घालून रस्त्यावर उतरणाऱ्या लोकांना फुटपाथवरच्या अतिक्रमणाबद्दल पत्रकं वाटली.

फलक मात्र हाताने लिहिलेलेच हवेत. एका मुलाने झकास अक्षरात लिहून आणलं होतं, ‘चर त्वरीत बुजवा’. काकांनी ते पाहिलं आणि थबकले. “त्वरित. री ऱ्हस्व.” मुलगा म्हणाला, “काका, चालतंय.” काका म्हणाले, “चालत नाही म्हणूनच आपण इथे उभे आहोत.” मग काळ्या स्केचपेनचा शोध सुरू झाला. स्टेशनरीचं दुकान रविवारी अकराला उघडतं. तोवर त्या मुलाने अंगठ्याने वेलांटी झाकून फलक धरावा असं ठरलं. सव्वाअकराला त्याला मुंग्या आल्या, आणि त्याच सुमाराला वार्ताहर येऊन गेला. फोटोत तो मुलगा फलक लपवतोय असं दिसतं.

घोषणा जुन्याच द्याव्यात, नव्यांना चाल बसत नाही. ‘कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही’ ही आम्ही घेतली. नंतर लक्षात आलं की आपल्याला काही घ्यायचं नाहीये, बुजवून घ्यायचंय. ‘करायचं काय, खाली डोकं वर पाय’ याला पुढाकार कुणी घेईना, कारण समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या. भद्र माणसाच्या तोंडी घोषणा आली की ती प्रार्थनेसारखी होते, डोळे आपोआप मिटतात. मावशींनी टोपलीमागून बसल्या बसल्या एकच आवाज दिला, “आरं, जोरात!” तेवढा मात्र सिग्नलपर्यंत पोहोचला.

परंपरेचा उल्लेख भाषणात असावा, पण बेतानं. १९०५ मध्ये याच शहरात परदेशी कापडाची होळी पेटली, हे सांगायला हरकत नाही, फक्त अंगावरचा शर्ट कुठल्या कंपनीचा ते आधी बघून घ्यावं. सत्तरच्या दशकात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघाल्या, त्याची आठवण काढून आम्हीही थाळ्या वाजवल्या. त्या थाळ्यांत काही नव्हतं म्हणून त्या वाजत होत्या. आमच्या थाळ्यांना पोह्यांची हळद लागलेली होती. बाबा आढाव तर नव्वदी ओलांडल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, फुले वाड्यात उपोषणाला बसले. असली उदाहरणं अजिबात डोळ्यांपुढे ठेवू नका. तिथे माणूस खरोखर बसतो. त्यापेक्षा २०१९ ची हेल्मेटसक्तीविरोधातली विनाहेल्मेट रॅली बघा. डोकं आपलं, ते फुटण्याचा हक्कही आपला, यावर या शहराचं जेवढं एकमत झालं तेवढं पाण्यावरही कधी झालेलं नाही.

सगळ्यात मोलाचा क्षण म्हणजे निवेदन देण्याचा. देणारा आणि घेणारा दोघांनीही कागद धरून कॅमेऱ्याकडे बघायचं, कागदाकडे कुणी बघायचं नाही. मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेत जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात आंदोलकांची फार गैरसोय झाली. निवेदन कुणाला द्यायचं? काहींनी माजींना दिली, काहींनी भावींना. भावी जास्त आपुलकीने घेत. आम्ही आमचं निवेदन सोमवारी आवक-जावकला दिलं. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, ‘सदर काम या विभागाच्या अखत्यारीत येत नाही, सबब उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.’ संबंधित विभागाने ते दुसऱ्या संबंधित विभागाकडे वर्ग केलं. एका महिन्यात आमचा चर जेवढा फिरला तेवढे आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत फिरलो नव्हतो. उत्तराची प्रत ग्रुपवर टाकल्यावर एकोणीस अंगठे आले. हे यशच समजायचं.

आता एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक गल्लीत एक दुसऱ्या मजल्यावरच्या बाई असतात. आमच्या बाई गणित शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, सगळी गल्ली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. आंदोलनाला आल्या नाहीत. फ्लेक्सची वर्गणी दिली नाही. वर विचारलं, “चर लांबीला किती आहे?” कुणालाच माहीत नव्हतं. अकरा चेहऱ्यांपैकी एकानेही टेप लावलेला नव्हता. तर या बाईंनी टेप लावला. महापालिकेत तेव्हा माहिती अधिकाराखाली दर सोमवारी दुपारी तीन ते पाच फायली बघू देण्याची पद्धत होती, तिथे त्या छत्री आणि डबा घेऊन जाऊन बसल्या. तीन ते पाच! पुण्यातल्या माणसाने! एक सोमवार, दुसरा सोमवार, तिसरा. चौथ्या सोमवारी त्यांना एक कागद सापडला. त्यात आमचा चर बुजवून रस्ता पूर्ववत केल्याचं लिहिलं होतं, आणि बाईंनी मोजलेल्यापेक्षा तो चार मीटर लांबही होता. बाईंनी त्या कागदाची प्रत काढली, तिला स्वतः काढलेला चराचा फोटो टाचला, खाली एका ओळीत विचारलं, ‘हा तोच का?’ आणि पोहोच घेतली. घोषणा नाही, थाळी नाही.

अशा माणसांपासून चळवळीला फार धोका असतो. कारण श्रावणातल्या एका गुरुवारी, सकाळी आठ वाजता, कुणाच्या ध्यानीमनी नसताना खडी आणि डांबराचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. समितीला पूर्वसूचना नाही. फ्लेक्स तयार नाही. श्रेय कुणाचं हे ठरलेलं नाही. काका बनियनवरच खाली आले, आणि चराकडे बघून म्हणाले, “थांबा.”

मावशींच्या फांदीला पालवी फुटली होती. शेवगाच तो, ओल्या मातीत खोवला की धरतोच. लाल चिंधीच्या वर बोटबोटभर हिरवे तुरे आले होते. काकांनी वर जाऊन बाईंचाच टेप मागून आणला. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, त्यात जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर बुंधा पाच सेंटिमीटर जाड आणि उंची निदान एक मीटर असली की ते झाड. काकांनी मोजलं. साडेपाच भरलं. उंची एक मीटर दहा. “वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आहे?” त्यांनी ट्रकवाल्याला विचारलं. ट्रकवाल्याकडे फक्त चलन होतं.

साडेआठपर्यंत आम्ही नऊ जण चराभोवती हातात हात घालून उभे होतो. एवढी हजेरी जुलैमध्ये कधी लागली नव्हती. ट्रकवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली, मावशींकडून दोन लिंबं घेतली आणि डांबर थंड होतंय म्हणून निघून गेला. बाई गॅलरीतून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने टेप परत मागायला त्यांनी नातवाला पाठवलं.

‘शेवगा बचाव कृती समिती’त काल रात्रीपर्यंत एकतीस जण आले आहेत. चरवाल्या ग्रुपातले तिघे बाहेर पडले, त्यांचं म्हणणं आधी चर. त्यांची वेगळी सभा शनिवारी आहे. आपली रविवारी साडेदहाला. काळं स्केचपेन ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावं.