राज्यांचे हक्क, पण कसला हक्क?

दर दोन-चार महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. ‘शाळेत तुम्हाला खोटं शिकवलं’ अशी सुरुवात, आणि मग: अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) गुलामगिरीवरून झालंच नाही. भांडण होतं राज्यांच्या हक्कांचं आणि आयात मालावरच्या जकातीचं. लिंकनला गुलामांशी देणंघेणं नव्हतं. आणि दक्षिणेच्या बहुतेक सैनिकांकडे एकही गुलाम नव्हता. यातली शेवटची दोन विधानं अर्धी खरी आहेत, म्हणून बाकीचंही पटून जातं.

आधी राज्यांचे हक्क, म्हणजे केंद्राने राज्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये हा दावा. आपण संघराज्यातून का फुटतोय हे फुटणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांनीच लिहून ठेवलंय. साउथ कॅरोलायना सगळ्यांत आधी, २० डिसेंबर १८६० रोजी बाहेर पडली. चार दिवसांनी निघालेल्या तिच्या जाहीरनाम्यात तक्रार काय? उत्तरेकडची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत करत नाहीत. न्यूयॉर्क तर गुलाम बरोबर घेऊन तिथून जाऊही देत नाही. म्हणजे न्यूयॉर्कने स्वतःच्या हद्दीपुरता कायदा केला, हाच त्याचा अपराध! मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. ‘आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे,’ हे तिच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच येतं.

त्याआधी दहा वर्षं याच दक्षिणेला केंद्राचा दंडुका चांगलाच चालत होता. पळालेल्या गुलामांबद्दलचा १८५० चा कायदा तिच्याच आग्रहाने झाला. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही मुभा नाही. असे खटले चालवणाऱ्या केंद्राच्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केलं तर फी १० डॉलर, सोडून दिलं तर ५. (हवाली करताना कागदपत्रं जास्त लागतात, असं त्याचं समर्थन होतं.)

१८५४ साली बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाचा तरुण पकडला गेला. व्हर्जिनियातून पळून येऊन तो एका कपड्याच्या दुकानात कामाला लागला होता. परत धाडण्यासाठी त्याला कोर्टातून जहाजाच्या धक्क्यावर न्यायला सशस्त्र सैनिक आणि सोबत तोफ. दुतर्फा हजारोंची गर्दी, इमारतींवर काळं कापड, रस्त्यावर टांगलेली शवपेटी. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने अशी धरपकड अवघड करणारा कायदा केला. मॅसॅच्युसेट्सचा हा हक्क मात्र दक्षिणेला मान्य नव्हता. पुढे फुटीर राज्यांनी स्वतःची घटना लिहिली तेव्हा गुलामांवरच्या मालकीला बाध आणणारा कायदा त्यांच्या संसदेला करताच येणार नाही, असं कलमच घातलं.

जकातीवरून तंटा झाला होता, पण तो १८३२ च्या सुमारास. १८५७ मध्ये दर उलट कमी झाले होते. ज्या वाढीव जकातीचं नाव घेतलं जातं तिच्यावर सही झाली २ मार्च १८६१ रोजी. तोवर सात राज्यं निघून गेली होती आणि त्यांचे बहुतेक सिनेटर विरोधात मत द्यायला जागेवर नव्हते.

आता लिंकन. ‘एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तसं करेन,’ असं त्याने ऑगस्ट १८६२ मध्ये एका संपादकाला लिहिलं, हे खरं. पण मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्याने महिनाभर आधीच मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता, हे फॉरवर्डमध्ये कधी नसतं. तसंही, युद्ध कशावरून पेटलं आणि लिंकनच्या मनात काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, एवढंच त्याच्या पक्षाचं म्हणणं होतं. दक्षिणेला तेवढंही सोसवलं नाही.

सैनिकांचं म्हणाल तर दक्षिणेतल्या साधारण चारांतल्या एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात जवळपास निम्म्या. ज्याला विकत घेणं परवडत नसे तो भाड्याने घेई. आणि १८६० च्या जनगणनेतले सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम उद्या मोकळे झाले तर आपली पत काय उरणार, ही धास्ती गरीब गोऱ्यालाही होतीच. जातीची उतरंड पाहिलेल्याला हे उलगडून सांगायला नको. युद्ध संपून आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

मग हा मजकूर आला कुठून? अलेक्झांडर स्टीफन्सकडे पाहा. हा फुटीर सरकारचा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथे त्याने भर सभेत सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे. पुढे पराभव झाला, १८६५ च्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली. त्यानंतर याच गृहस्थाने दोन जाडजूड खंड लिहून मांडलं, की भांडण खरं तर राज्यांच्या हक्कांचं होतं.