पहिल्याच तासाला मारामारी का होते

शाळेतून छडी गेली आणि मुलांवरचा धाकही गेला, असं एका लेखात वाचलं. मी महापालिकेच्या शाळेत सहावीला शिकवते. मला हे अजिबात पटलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी घातली, आणि ते योग्यच झालं.

माझ्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं निम्मीही नाहीत. कुणाची भोजपुरी, कुणाची तेलुगू, कुणाची वडारी. रागावलेलं पोर आधी स्वतःच्या भाषेत ओरडतं, आणि आपल्याला वाटतं उलटं बोललं!

गेल्या वर्षी एक मुलगा रोज पहिल्याच तासाला कुणाला तरी ठोसा मारायचा. पालकांना दोनदा निरोप धाडला, कुणी आलं नाही. शेवटी मीच वस्तीत गेले. तो पहाटे चारला टँकरच्या रांगेत हंडे लावायचा, बहिणीला बालवाडीत सोडायचा आणि चहासुद्धा न घेता शाळेत यायचा. खिचडी थेट मधल्या सुट्टीत. दुसऱ्या दिवसापासून आल्या आल्या त्याच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवू लागले, एक शब्दही न बोलता. हजेरीनंतर फळा पुसायचं काम त्याचं. ठोसे पूर्ण थांबले नाहीत, पण आठवड्यातून एखाद्यावर आले.

सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, असं कायदा सांगतो. माझ्या वर्गात ५२ आहेत. समुपदेशक ताई महिन्यातून एकदा येतात. त्या लेखाच्या लेखकाने धाकाऐवजी याबद्दल लिहायला हवं होतं.