‘आयर्लंडच्या सगळ्या नोंदी १९२२ मध्ये जळाल्या’ : एका दाव्याचा प्रतिवाद

आयरिश पूर्वजांचा शोध घेऊ पाहणाऱ्याला सुरुवातीलाच एक मजकूर हमखास वाचायला मिळतो. त्याचा आशय असा : १९२२ मध्ये डब्लिनचे अभिलेखागार जळाले आणि त्यात जनगणनेच्या पत्रकांसह चर्चच्या सर्व नोंदवह्या नष्ट झाल्या, कॅथलिक धर्मावर बंदी असल्यामुळे कॅथलिकांच्या नोंदी मुळात ठेवल्याच जात नव्हत्या, ज्या थोड्या उरल्या त्या लॅटिनमध्ये असल्याने सामान्य माणसाच्या उपयोगाच्या नाहीत, अमेरिकेला गेलेल्यांची आडनावे न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, तिथल्या कारकुनांनी बदलून टाकली, तेव्हा आता डीएनए चाचणीखेरीज दुसरा मार्ग उरलेला नाही. यातल्या बहुतेक विधानांत सत्याचा थोडाफार अंश आहे आणि त्याच बळावर ती टिकून आहेत. पण ती एका दमात वाचून कितीतरी माणसे शोध सुरू होण्यापूर्वीच सोडून देतात, आणि ज्या वहीत त्यांच्या खापरपणजोबांचे नाव लिहिलेले असेल ती वही उघडायची राहून जाते. मला याचे मनापासून वाईट वाटते, म्हणून ही विधाने एकेक करून तपासतो.

आधी आगीविषयी. आयर्लंडमधल्या यादवी युद्धाला तोंड फुटून जेमतेम दोन दिवस झाले असताना, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालय संकुलातील पब्लिक रेकॉर्ड ऑफिस हे सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत उद्ध्वस्त झाले. ती हानी कधीही भरून येणारी नाही, हे मान्यच केले पाहिजे. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांची मूळ पत्रके, काही तुकडे वगळता, तिथेच गेली. परंतु १८६१ आणि १८७१ ची पत्रके त्याच्या कितीतरी आधी सरकारनेच नष्ट करवली होती, आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी गेली. या चार जनगणनांचा दोष आगीच्या माथी मारता येत नाही. १९०१ आणि १९११ च्या जनगणना मात्र जवळजवळ संपूर्ण शाबूत आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या आहेत. १९११ च्या पत्रकात विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले झाली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हे विचारले होते. त्यावरून लग्नाचे साल काढता येते आणि तेच साल घेऊन चर्चच्या विवाहनोंदवहीकडे वळता येते.

जळालेल्या जनगणनांचाही काही अंश एका अनपेक्षित वाटेने वाचला आहे. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना निवृत्तिवेतन मिळू लागले, पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासूनची, त्यामुळे या वृद्धांकडे वयाचा दाखला कुठून असणार? मग १८४१ किंवा १८५१ च्या पत्रकात त्यांचे कुटुंब शोधून वय पडताळले जाई. त्या शोधासाठी भरलेले अर्ज आणि त्यांवर उतरवून घेतलेले तपशील आज उपलब्ध आहेत, आणि मूळ पत्रक राख झालेले असूनही त्यातील एखादे कुटुंब आईवडिलांच्या नावांसह तिथे भेटते.

आता चर्चच्या नोंदवह्या. सगळा गोंधळ इथे आहे, कारण ‘चर्च’ या एका शब्दाखाली वेगवेगळ्या संस्था एकत्र केल्या जातात. चर्च ऑफ आयर्लंड हे अँग्लिकन पंथाचे चर्च १८७१ पर्यंत राज्याचे अधिकृत चर्च होते. तो दर्जा संपल्यावर त्याच्या जुन्या नोंदवह्यांना कायद्याने सरकारी अभिलेख मानण्यात आले, आणि जिथे त्या सुरक्षित ठेवण्याची सोय नव्हती तिथून त्या डब्लिनला आणल्या गेल्या. अशा सुमारे हजार पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या अखत्यारीतला चर्चचा स्थानिक विभाग) वह्या आगीत सापडल्या आणि त्यांतल्या अगदी मोजक्याच वाचल्या. पण सहाशेहून अधिक पॅरिशांच्या वह्या गावातच राहिल्या होत्या, त्यांना आगीची झळही लागली नाही. शिवाय काही धर्मगुरूंनी वह्या डब्लिनला धाडण्यापूर्वी त्यांच्या नकला करून ठेवल्या होत्या.

गावात राहिलेल्या वहीचे मोल काय असते, याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण मनीगॉल या खेड्याचे आहे. तिथल्या एका चांभाराचा मुलगा, फॅल्मथ कर्नी, १८५० मध्ये अमेरिकेला गेला. बराक ओबामा यांच्या आईकडचा हा पूर्वज मनीगॉलचाच, याला २००७ मध्ये दुजोरा मिळाला तो चर्च ऑफ आयर्लंडच्या स्थानिक नोंदींमधून, आणि त्या नोंदी शोधून काढल्या तिथले रेक्टर म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू स्टीफन नील यांनी. ज्या पंथाच्या सगळ्या वह्या जळाल्या असे सांगितले जाते, त्याच पंथाच्या वहीने हे नाते जुळवून दिले. २०११ च्या मे महिन्यात ओबामा त्या खेड्यात जाऊन आले.

कॅथलिक चर्च तर या काळात राज्याचे चर्च नव्हतेच, त्यामुळे त्याच्या नोंदवह्यांना तो कायदा लागूच झाला नाही. त्या पॅरिशच्या धर्मगुरूंच्या ताब्यात राहिल्या, फोर कोर्ट्‌समध्ये आल्याच नाहीत, आणि म्हणून जळाल्याही नाहीत. आयर्लंडच्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज कॅथलिक असल्याने या एका वस्तुस्थितीसमोर तो संपूर्ण दावा कोसळतो. विसाव्या शतकाच्या मध्यास राष्ट्रीय ग्रंथालयाने पॅरिशोपॅरिशी या वह्यांच्या, साधारण १८८० पर्यंतच्या, मायक्रोफिल्म तयार केल्या, आणि ८ जुलै २०१५ रोजी हजाराहून अधिक पॅरिशांची ही पाने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिली. पानांची छायाचित्रे ३,७०,००० हून अधिक भरतात. प्रेस्बिटेरियन या आणखी एका प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चांच्या पुष्कळ नोंदींच्या प्रती बेलफास्टच्या अभिलेखागारात पाहता येतात.

‘बंदीमुळे नोंदीच नव्हत्या’ हे दुसरे विधान अर्धवट माहितीवर उभे आहे. अठराव्या शतकातले कॅथलिकांविरुद्धचे दंडविधायक कायदे कठोर होते, यात शंका नाही. पण १७०४ मध्ये सरकारने कॅथलिक पॅरिश धर्मगुरूंना नाव नोंदवायला लावले आणि हजाराहून अधिक धर्मगुरूंनी ते नोंदवलेही. वेक्सफर्ड शहराची नोंदवही तर १६७१ पासून मिळते. पश्चिमेकडच्या भागात वह्या उशिरा सुरू झाल्या, अनेक ठिकाणी १८३० किंवा १८४० नंतर, आणि तिथे दारिद्र्य, दूरवर विखुरलेली वस्ती, पक्क्या चर्चइमारतींचा अभाव यांनाही कारण मानले पाहिजे. म्हणून पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातल्या एखाद्या भूमिहीन कुटुंबाचा माग १८४५ च्या दुष्काळाच्या अलीकडेच थांबू शकतो. हे दुःखद आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक वह्यांत दफनाच्या नोंदीही विरळच आहेत. पण काही पॅरिशांत नोंद नाही, यावरून कुठेच नोंद नाही असे ठरत नाही.

लॅटिनची भीती मला सर्वांत अनाठायी वाटते. पुष्कळ वह्या इंग्रजीत आहेत, आणि ज्या लॅटिनमध्ये आहेत त्यांत तीच ती दहा-बारा शब्दांची वाक्यरचना पानोपानी येते : तारीख, मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आणि बाप्तिस्म्याला म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीला साक्षी म्हणून उभे राहिलेल्या धर्ममातापित्यांची नावे. बदलते ते पहिल्या नावाचे रूप. जेम्सचा ‘याकोबुस’ होतो, विल्यमचा ‘गुलिएल्मुस’, जॉनचा ‘योआन्नेस’. आडनाव सहसा आहे तसेच राहते. आई तिच्या माहेरच्या आडनावाने नोंदलेली असते, ही या वह्यांची मोठी देणगी आहे, कारण त्यामुळे एका नोंदीतून दोन घराण्यांचा माग लागतो. धर्ममातापिता बहुधा मामा, मावशी, काका, आत्या यांपैकी कोणी असतात, तेव्हा ती नावेही उतरवून घ्यावीत. एका गोष्टीने मात्र गोंधळून जाऊ नये. सरकारी नोंदीतली जन्मतारीख कधी कधी बाप्तिस्म्याच्या तारखेनंतरची दिसते, कारण नोंदणीला उशीर झाला की दंड चुकवण्यासाठी पालक जन्म पुढच्या तारखेचा सांगत. अशा वेळी चर्चची तारीख अधिक विश्वासार्ह धरावी.

खरी अडचण भाषेची नसून गावाची आहे. कॅथलिक पॅरिश आणि सरकारी दप्तरातली ‘सिव्हिल पॅरिश’ यांच्या सीमा आणि नावे अनेकदा वेगळी असतात, आणि देशात टाउनलँड म्हणजे सर्वांत लहान वस्तीविभाग साठ हजारांहून अधिक आहेत. नुसते ‘कॉर्कचे सुलिव्हन’ एवढ्यावर शोध पुढे जात नाही. त्यासाठी १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ग्रिफिथची मालमत्ता मोजणी पाहावी. तीत प्रत्येक टाउनलँडमधील घर वा जमीन धारण करणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यावरून कोणत्या पॅरिशची वही उघडायची ते ठरवता येते.

एलिस बेटाची कथा तर कालक्रमालाच धरून नाही. ते केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले. दुष्काळात देश सोडलेले लाखो लोक त्याच्या चार दशके आधीच अमेरिकेत पोचले होते. तिथले कारकून नवी नावे लिहीत नसत, जहाज निघाले त्या बंदरातच तयार झालेली यादी ते पडताळत. आडनावाआधीचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून पडणे किंवा परत येणे हे आयर्लंडमध्येच, एकाच कुटुंबात, कधी कधी एकाच वहीत घडलेले दिसते. घोटाळे खरोखर होतात ते नावांच्या सारखेपणामुळे. त्या केंद्रातून पहिली आत आलेली कॉर्कची ॲनी मूर कित्येक वर्षे टेक्ससमधल्या दुसऱ्याच ॲनी मूरशी एक मानली गेली होती; ती बाई मुळात अमेरिकेत, इलिनॉयमध्ये जन्मलेली होती, आणि खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली हे २००६ मध्ये कागदपत्रांवरून सिद्ध झाले. डीएनए चाचणीने दूरचा चुलतभाऊ सापडू शकतो, परंतु दोघांचा समान पूर्वज कोणत्या पॅरिशमधला होता हे त्या चाचणीच्या अहवालात लिहिलेले नसते. त्यासाठी पुन्हा वहीकडेच यावे लागते.

सगळे आयरिश पश्चिमेकडेच गेले असेही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैनिकांत आयरिशांचा भरणा मोठा होता, आणि मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह, दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुणे, खडकी किंवा देवळालीत ज्यांचा एखादा आयरिश पूर्वज होता त्यांनी तिथून सुरुवात करून मग आयर्लंडमधल्या पॅरिशकडे जावे. आणि तिथली वही उघडल्यावर समासही वाचावा : १९०८ पासून धर्मगुरूंनी लग्नाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायची, असा नियम झाला, त्यामुळे आयर्लंडच्या एखाद्या खेड्यातल्या बाप्तिस्म्याशेजारी, वेगळ्या शाईत, बॉस्टनमधल्या लग्नाची तारीख लिहिलेली सापडू शकते.