अनेबल म्हणे!

सकाळी आईला घेऊन सांगलीत बँकेत गेलो होतो, केवायसीसाठी. तीनदा अंगठा लावला, तिन्ही वेळा स्क्रीनवर तेच, 'वी आर अनेबल टु व्हेरिफाय'. काउंटरवरची पोरगी मान वर न करता म्हणाली, "आजी अनेबल आहेत."

आजी? अगं, 'वी आर' म्हणतंय ते! अनेबल बँक आहे, तिचं यंत्र आहे. 27 वर्षं वर्गात हेच घोकून घेतोय, अनेबलच्या पुढं 'टु' आणि क्रियापद, पण आधी कर्ता कोण ते बघा. नाम करायचं तर इनॅबिलिटी, अनॅबिलिटी नव्हे. (तरी दरवर्षी निम्मा वर्ग तेच लिहितो.) डिसेबल्ड तर निराळाच शब्द, त्यासाठी 2016 चा कायदा आहे. आईला त्यातलं काहीच लागू नाही. तिनं उभा जन्म यार्डात हळकुंडं निवडली, बोटांच्या रेघाच झिजल्या. बुबुळ चालतं, चेहरा चालतो आधारला. पण ते यंत्र "सध्या इथं नाही".

बरं, पोरीचा दोष नाही, दिसलं ते तिनं सांगितलं. आणि लग्नाला जायचं नसलं की 'अनेबल टु अटेंड' मीही लिहितोच. करायचं नाही म्हणायला तोंड होत नाही, म्हणून हा शब्द पुढं करायचा!

आईनं विचारलं, "काय म्हणतंय रं ते?"
"तुझा अंगठा ओळखता येईना म्हणतंय."
"म्हंजे त्याला हुईना. मग माझ्याकडं काय बघत्यात समदी?"

झालं. माझी 27 वर्षं एका वाक्यात.

आपल्या भाषेत किती बारकावा आहे बघा. पोहता येत नाही म्हणजे शिकलो नाही. पोहवत नाही म्हणजे येतं, पण आता अंगात बळ नाही. इंग्रजीत दोन्हीला अनेबल! आणि आपल्याकडं 'मी' नसतो, 'मला' असतो. मला चालवत नाही. माणूस आहे तिथंच, फक्त चालणं होत नाही. या पोरीनं आख्खी आजीच अनेबल करून टाकली.

सोमवारी परत बोलावलंय, बुबुळाचं यंत्र आलं तर.

बाहेर सात पायऱ्या. रॅम्प नाही. तिसऱ्या पायरीवर आईनं माझं मनगट धरलं. तोच अंगठा, खरखरीत.
"जरा थांब रं. उतरवंना."