'डर'चा राहुल आणि 'अंजाम'ची शिवानी

'डर' की 'अंजाम' असा विषय निघाला की मी 'अंजाम'च्या बाजूने बोलते आणि आमच्याकडे वाद पेटतो. यश चोप्रांचा 'डर' डिसेंबर १९९३ चा. राहुल रवैलचा 'अंजाम' त्यानंतर चारच महिन्यांनी आला. दोन्हींत शाहरुख, दोन्हींत नको म्हणणाऱ्या बाईच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस. 'डर' धो धो चालला. 'अंजाम' आज कितीजणांना आठवतो?

'डर' झकास बनवलाय, वादच नाही. पण सगळा जीव राहुलवर, म्हणजे शाहरुखच्या पात्रावर! त्याचं एकटेपण, मेलेल्या आईशी फोनवर बोलणं, वर शिव-हरींचं संगीत. तो जिच्या मागे लागलाय ती किरण बिचारी घाबरण्यापुरती. त्यातल्या गाण्यातलं 'तू हां कर या ना कर' ही सरळसरळ धमकी आहे हो, आणि इथे ठाण्यात घोडबंदर रोडच्या हॉलांमध्ये हळदीला त्यावर अजून पोरं नाचतात.

तेव्हा आम्ही शाळेत होतो, नौपाड्यात. शाळा सुटली की नाक्यावरची मुलं राहुलच्या 'क-क-क किरण'ची नक्कल करत मागे यायची. मुलीचं नाव किरण असायलाच हवं असं काही नव्हतं. घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं: "मग त्या रस्त्याने जाऊ नकोस ना."

'अंजाम' नेमकं हे दाखवतो. विजय अग्निहोत्री (शाहरुख) विमान कंपनीचा मालक, शिवानीच्या (माधुरी) नवऱ्याला मोठ्या हुद्द्यावर बसवतो. ती नवऱ्याला सांगते, हा माणूस माझ्या मागे आहे. नवरा विश्वास ठेवत नाही, उलट तिलाच घराबाहेर काढतो. पुढे पोलीस, कोर्ट, तुरुंग; सगळीकडे श्रीमंताचा शब्द खरा. मला विजयपेक्षा त्या नवऱ्याचीच जास्त भीती वाटली. चांगला माणूस आहे तो, आणि तरी!

उत्तरार्धातले शिवानीचे सूड भयंकर भडक आहेत, काही ठिकाणी हसू येतं. पण माधुरी! त्याच वर्षी 'हम आपके हैं कौन'मधली लाडकी निशा आणि इथे डोळ्यांत रक्त उतरलेली शिवानी. शाहरुखला यासाठी खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं. ठीक आहे, पण सिनेमा तिने ओढलाय.

पाठलाग हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात यायला २०१३ उजाडलं. पहिल्या वेळी तो जामीनपात्रच. म्हणजे संध्याकाळी तो परत त्याच नाक्यावर.

माझी तक्रार फक्त शेवटाबद्दल. कड्यावर विजय तिच्या पायाला लोंबकळतो आणि त्याला संपवायला ती स्वतःही हात सोडते. का? इतकं सोसून तिने का मरायचं? लेखकाला तिला जगवता आलं असतं.

ठाण्यात कुणी तेव्हा थिएटरात पाहिला असेल तर सांगा, या शेवटाला शिट्ट्या पडल्या होत्या का, आणि कोणासाठी?